दोन तासांचं महायुद्ध

चालायला पैसे पडतात हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी लंडनमध्ये कळलं. तोपर्यंत माझी अशी समजूत होती, की माणूस चालतो तो पैसे वाचावेत म्हणून. आमचे वडील मस्जिद बंदरच्या एका धान्याच्या पेढीत कारकून होते. गिरगाव ते मस्जिद बंदर आणि मस्जिद बंदर ते गिरगाव ही वारी त्यांनी वर्षानुवर्षं पायी केली, ती काही वाटेतल्या इमारतींच्या कमानी न्याहाळायला नव्हे. ट्रामचे पैसे वाचत, आणि त्या पैशांतून आमच्या शाळेच्या फिया निघत. त्यामुळे "बाबा, तुमच्यासाठी एक वॉक बुक केलाय," असं जावईबापू म्हणाले तेव्हा मला आधी वाटलं, या देशात फुटपाथवर पाऊल टाकायलासुद्धा आगाऊ आरक्षण लागत असावं.

"कितीला?" आमच्या हिनं विचारलं.

जावईबापूंनी पौंडांत आकडा सांगितला. हिनं तो मनातल्या मनात शंभरानं गुणला. विमानातून उतरल्यापासून तिचा हा पाढा इतका पक्का झाला होता, की परवा एका दुकानात कोथिंबिरीची जुडी पाहून तिनं दुकानदाराला हात जोडले होते.

"एवढ्यात आपल्याकडे अष्टविनायक होतात," ती म्हणाली. "बसून. आणि जेवणासकट."

पण पैसे भरून झाले होते, आणि भरलेले पैसे फुकट घालवणं हे आमच्या पिढीत पापाच्या यादीत बरंच वर आहे. शिवाय लंडनमध्ये हा मोठाच व्यवसाय आहे, असं जावईबापूंनी समजावलं. भुतांचा वॉक वेगळा, खुनी जॅकचा वेगळा, डिकन्सचा वेगळा. मी इतिहास वाचतो म्हणून माझ्या वाट्याला महायुद्ध आलं होतं. सकाळी साडेदहा ते दुपारी साडेबारा. दोन तासांत महायुद्ध! आमच्या सोसायटीची वार्षिक सभा याहून लांबते, आणि तीतून निष्पन्नही काही होत नाही.

आता थोडं माझ्या अधिकाराबद्दल. उभ्या आयुष्यात मी नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवडा खाता खाता जितकी समीक्षा केली, तितकी छापली असती तर चार खंड झाले असते. नाटक, गाणं, लग्नातलं जेवण, कशालाच मी सोडलेलं नाही. पण पायी चालत ऐकायच्या या प्रयोगाची रीतसर समीक्षा मराठीत माझ्या वाचनात आलेली नाही. तेव्हा ते कर्तव्य मीच पार पाडतो. अशा वॉकला लावायची फूटपट्टीही आपल्याकडे तयार आहे. तिचं नाव कीर्तन. उभा राहून बोलणारा एक, ऐकणारे वीसएक, आधी निरूपण, मग आख्यान, मध्ये विनोदाचे दाखले, शेवटी ताट. फरक एवढाच, की इथं बुवांबरोबर श्रोतेही उभे.

सेंट पॉल स्टेशनच्या बाहेर आमचे गाईडबुवा भेटले. वय साठीच्या आसपास, उंची सहा फूट, डोक्यावर युद्धातलं लोखंडी शिरस्त्राण, खांद्याला गॅसच्या मुखवट्याची पिशवी, आणि हातात लाकडी खुळखुळा. त्या काळी विषारी वायूचा हल्ला झाला तर वॉर्डन हा वाजवणार होते म्हणे. बुवांनी तो आमची हजेरी घ्यायला वाजवला. मंडळींत अमेरिकन बरेच, एक ऑस्ट्रेलियन कुटुंब, मागं अंग चोरून उभं राहिलेलं एक म्हातारं जर्मन जोडपं, आणि आम्ही दोघं. जर्मनांनी गावाचं नाव हॅम्बुर्ग म्हणून इतक्या हळू सांगितलं, की जणू काही बाँब त्यांनीच आणले होते.

पहिल्यांदा गुण सांगतो. समीक्षकानं गुण आधी सांगावेत. मग दोष सांगताना हात मोकळा राहतो.

पहिला गुण आवाज. दुमजली बसच्या घरघरीवर मात करणारा असा आवाज मी आमच्या लहानपणच्या भोंडल्यानंतर प्रथमच ऐकला. दुसरा गुण म्हणजे थांबवणं. आपण शहरात राहतो म्हणजे शहरातून सारखे कुठंतरी निघालेले असतो. कुणीतरी दंडाला धरून "थांबा, वर बघा" असं म्हणेपर्यंत वर बघत नाही. बुवांनी आम्हाला सेंट पॉलच्या घुमटाखाली थांबवलं आणि २९ डिसेंबर १९४० ची रात्र सांगितली, ती मात्र ऐकावी अशीच होती.

रविवार होता. नाताळची सुटी. कचेऱ्यांना कुलुपं, आणि किल्ल्या मालकांच्या खिशात. आकाशातून आगलावे बाँब पडताहेत आणि विझवायला आत शिरता येत नाही. पाण्याचे मोठे नळ फुटलेले. थेम्सला नेमकी ओहोटी, इतकी की बंबाचे पाइप चिखलात. चर्चिलसाहेबांचा निरोप, काही झालं तरी सेंट पॉल वाचवा. आणि ते वाचवायला कोण? सेंट पॉलची राखण करणारे स्वयंसेवक. वाळूच्या बादल्या आणि हातपंप घेऊन ते रात्रभर छपरावर धावत होते. एक बाँब घुमटाच्या शिशाच्या पत्र्यात रुतून बसला. पत्रा वितळायला लागला, तेव्हा तो आपण होऊन बाहेरच्या सज्जात पडला. शेजारच्या पॅटरनॉस्टर रो या पुस्तकवाल्यांच्या गल्लीत लाखो पुस्तकं जळाली. हे ऐकताना माझ्या पोटात कालवलं. माणसांचे आकडे ऐकून जे झालं नव्हतं, ते पुस्तकांनी झालं, याची मला थोडी लाजही वाटली.

मग बुवांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेला तो जगप्रसिद्ध फोटो काढला. चहूकडे धूर, आणि धुराच्या वर शांत उभा घुमट. हर्बर्ट मेसन या छायाचित्रकारानं त्या रात्री वर्तमानपत्राच्या कचेरीच्या गच्चीवरून काढलेला. "हे आमचं लंडन," बुवा म्हणाले. "वाकलं नाही." अमेरिकनांनी टाळ्या वाजवल्या.

इथं दोषांना सुरुवात होते.

मुलीच्या घराजवळ एक चांगलं ग्रंथालय आहे. तिथं बसायला खुर्ची मिळते आणि शंभरानं गुणावं लागत नाही, म्हणून मी तिथं रोज जाई. त्यातल्या एका पुस्तकात मी वाचलं होतं, की हाच फोटो महिन्याभरात बर्लिनच्या एका साप्ताहिकानंही छापला होता. लंडन कसं जळतंय ते आपल्या वाचकांना दाखवायला. फोटो एकच. इंग्रजानं घुमट पाहिला, जर्मनानं धूर पाहिला. आता एवढा नामी दाखला, आणि समोर खुद्द हॅम्बुर्गची मंडळी हजर! पण बुवांनी तो सांगितला नाही.

पुढं एका मोडक्या चर्चमध्ये गेलो. ख्राइस्टचर्च ग्रेफ्रायर्स. त्याच रात्री जळलेलं. भिंती उभ्या आहेत. आत छपराऐवजी आकाश आणि बाकांऐवजी फुलझाडं. तिथून सेंट पॉलच्या दक्षिणेला, अग्निशामक दलाच्या स्मारकापाशी. काशाचे तीन बंबवाले पाइप धरून झुंजताहेत. १९९१ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. खाली युद्धात मेलेल्या हजाराच्या आसपास बंबवाल्यांची नावं कोरलेली. ती वाचताना मला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि आठवलं नाही. चष्मा विसरल्यावर होतं तसं.

बुवांच्या आख्यानाला आता रंग चढला होता. ७ सप्टेंबर १९४० पासून लागोपाठ सत्तावन्न रात्री बाँब पडले, पण लंडनकर गवळी सकाळी ढिगाऱ्यावरून दूध घालत होते. दुकानाची काच फुटली तर दुकानदार "नेहमीपेक्षा जास्त उघडे" अशी पाटी लावत होते. लोक भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपत, गाणी म्हणत, चहा पीत. एकंदरीत बुवांच्या तोंडून ऐकलं तर महायुद्ध म्हणजे कोजागिरीच होती. फक्त चंद्राऐवजी विमानं.

पण त्याच भुयारी स्टेशनांत झोपायला सरकारनं सुरुवातीला बंदी केली होती, हे बुवांनी गाळलं. लोकांनी स्वस्तातलं तिकीट काढलं, खाली उतरले आणि वर यायचं नाकारलं, तेव्हा कुठं बंदी सुटली. हे तिकीट काढून सरकारला नमवणं किती झकास! आमच्या चाळीतल्या कुणालाही ते शोभलं असतं. त्याच सप्टेंबरात ईस्ट एंडमधले गरीब लोक बायकापोरांसकट सॅव्हॉय या बड्या हॉटेलात शिरले होते आणि श्रीमंतांच्या तळघरात आम्हालाही आसरा द्या म्हणून बसले होते. हेही गाळलं. म्हणजे ज्या गोष्टींत लंडनकर लंडनकरांशीच भांडला, त्या सगळ्या वगळल्या. उरला फक्त वरून येणारा शत्रू आणि खाली गाणारी प्रजा.

बँक नावाच्या स्टेशनवर तर बुवांनी कळसच केला. ११ जानेवारी १९४१ ला इथं बाँब पडला. पन्नासाहून अधिक माणसं गेली, आणि रस्त्याला खड्डा पडला तो एवढा, की वरून तात्पुरता पूल टाकावा लागला. हे सांगून बुवा म्हणाले, "तेव्हापासून आम्ही म्हणतो, बँकेतल्या ठेवीसुद्धा सुरक्षित नसतात." मंडळी हसली. खरं सांगतो, मीही हसलो. स्टेशनातून माणसं वर येत होती, कुणाच्या हातात कॉफी, कुणाच्या कानात गाणं, आणि आम्ही वीसजण त्या जागेवर उभे राहून हसत होतो.

शेवटचं स्थळ मात्र असं, की त्यासाठी मी गाईडबुवांचे दहा विनोद माफ करीन. सेंट डन्स्टन इन द ईस्ट. १९४१ च्या हल्ल्यात चर्च गेलं, मनोरा उरला. पुन्हा बांधण्याऐवजी त्यांनी त्याची बाग केली. खिडक्यांच्या रिकाम्या कमानींवर वेल चढलेत. मधल्या बाकांवर कचेऱ्यांतली पोरं डबे खात बसलेली. कुठं पाटीवर उपदेश नाही, ध्वनिक्षेपक नाही. मी एका दगडी कट्ट्यावर टेकलो. शेजारी ते हॅम्बुर्गचे आजोबा येऊन बसले.

"तुम्ही कुठले?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मुंबई."

"युद्धात तुमच्या शहरावर बाँब पडले?"

"छे छे," मी ठणकावून सांगितलं. "मुंबईवर शत्रूचा एकही बाँब पडला नाही."

माझं विधान ऐतिहासिकदृष्ट्या अचूक होतं. आजोबांनी मान हलवली. भाग्यवान आहात, अशा अर्थाची. इतक्यात पलीकडून ही म्हणाली, "अहो, मग मामंजींचा चहा कशानं सांडला होता?"

आता हा चहा सांगायलाच हवा.

आमच्या घरात एक वाक्य होतं. काही घरांत तांब्याचा हंडा असतो, काहींत आजीची नथ असते, तसं आमच्यात हे वाक्य. युद्धाचा विषय निघाला, कुठं फटाका वाजला, दिवाळीत सुतळी बाँबनं शेजारची काच गेली, की वडील म्हणत, "त्या दिवशी चार वाजून सहा मिनिटांनी माझा चहा सांडला." बस्स. पुढं काही नाही. आम्ही भावंडं हसत असू. वडील काटकसरी, तेव्हा अख्ख्या महायुद्धातलं त्यांच्या लक्षात काय राहिलं, तर फुकट गेलेला अर्धा कप चहा! पाहुण्यांना आम्ही हा विनोद हौसेनं सांगत असू. वडीलही त्यात हसत. ते जाऊन आता पंचवीस-सत्तावीस वर्षं झाली, पण हिच्या जिभेवर ते वाक्य तसंच आहे.

तो दिवस १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज लागलं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा, त्यातच कराचीला भरलेल्या कापसाच्या गासड्या. दारूगोळ्याशेजारी कापूस ठेवू नये, हे कळायला युद्धशास्त्र लागत नाही. आमच्या चाळीत रॉकेलच्या डब्याशेजारी कुणी काडेपेटी ठेवू देत नसे. स्फोटकं असलेल्या जहाजानं लाल बावटा लावायचा असतो, तो लागला नव्हता. दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला. बंब आले. मग जहाज तिथंच बुडवावं, की बाहेर ओढून न्यावं, की आहे तिथं विझवावं, यावर जमलेल्या अधिकाऱ्यांचं एकमत होईना, आणि 'असंच करा' म्हणून सांगणारा एक माणूस नव्हता. बंबवाले पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. गोदामं गेली, धान्याची कोठारं गेली, आसपासच्या वस्त्या गेल्या. सरकारी हिशेबानंच मृतांचा आकडा शेकड्यांत आहे; खरा त्याहून बराच मोठा मानला जातो. अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान गेले. युद्धकाळातल्या सेन्सॉरनं बातमी कित्येक दिवस दाबून ठेवली.

आणि आपण या स्फोटाची गोष्ट कुठली सांगतो? सोन्याची. जहाजावर सोन्याच्या लगडी होत्या, त्या आभाळात उडाल्या. एक लगड एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली, त्यानं ती प्रामाणिकपणे परत केली. सुरेख गोष्ट आहे. मीसुद्धा ती पन्नास वेळा सांगितली असेन. म्हणजे बँक स्टेशनावरच्या ठेवींवर विनोद करणाऱ्या बुवांना मी कुठल्या तोंडानं नावं ठेवणार होतो? त्यांनी निदान मेलेल्यांचा आकडा सांगून मग विनोद केला होता.

वॉकचा समारोप रीतीप्रमाणे एका पबमध्ये झाला. बुवांनी शिरस्त्राण काढलं, उलटं केलं आणि तेच आमच्यापुढून फिरवलं. हे आरतीचं ताट मी मात्र मनापासून वाखाणतो. ज्या टोपीनं युद्धात डोकं वाचवायचं, तिनं शांततेत पोट भरायचं. शस्त्रसंन्यासाचं याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. हिनं त्यात नाणं टाकलं आणि या खेपेला शंभरानं गुणलं नाही.

मंडळी पांगल्यावर मी बुवांशेजारी बसलो. म्हटलं, "महाराज, रंगलं चांगलं. पण एक तक्रार आहे. आमच्याकडे हरिश्चंद्राचं आख्यान लावलं, तर बुवा स्मशान गाळत नाहीत. तुम्ही ट्यूबमधली गाणी सांगितलीत, बेथनल ग्रीन नाही सांगितलंत."

बुवांनी ग्लास खाली ठेवला. आवाजही. तो दुमजली बसवर मात करणारा आवाज इतका लहान होतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"पूर्वी न्यायचो मी लोकांना," ते म्हणाले. "तिथं विनोद करता येत नाही. आणि सगळं सांगून झालं, की कुणीतरी विचारतंच, 'पण बाँब कुठं पडला?' मी सांगायचो, पडलाच नाही. मग लोकांचे चेहरे पैसे फुकट गेल्यासारखे व्हायचे. तुम्ही जा. लाल रंगाची सेंट्रल लाइन. जिन्यानं वर या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. तिकीट नव्हतं, गाईड नव्हता.

३ मार्च १९४३. भोंगा वाजला, लोक या स्टेशनात आसऱ्याला उतरू लागले. जवळच्या बागेतून विमानविरोधी रॉकेटं सुटली. नवीन होती, तसा आवाज कुणी पूर्वी ऐकला नव्हता. वरच्यांना वाटलं बाँब पडला, त्यांनी लोटलं. खाली पायरीवर कडेवर मूल घेतलेली एक बाई अडखळली. अवघ्या एकोणीस पायऱ्या. अंधार, ओल, आणि मध्ये धरायला कठडा नाही. एकशे त्र्याहत्तर माणसं गुदमरून गेली, त्यांत बासष्ट मुलं. त्या रात्री तिथं एकही बाँब पडला नव्हता. ते दार भक्कम करायला स्थानिक नगरपालिकेनं आधीच परवानगी मागितली होती, ती मिळाली नव्हती. चौकशी झाली, पण अहवाल बराच काळ बाहेर आला नाही. वर आता स्मारक आहे, २०१७ मध्ये पुरं झालेलं. लाकडी जिना, उलटा टांगलेला, त्यावर नावं.

हिचे गुडघे दुखतात. एकेक पायरी चढताना ती मधला कठडा घट्ट धरून होती. वर आल्यावर मी तिला वाचून दाखवलं, की कठडे अपघातानंतर बसवले. तिनं कठड्यावरचा हात उचलला, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा ठेवला. काही बोलली नाही. शहराच्या युद्धाबद्दल त्या हातानं मला जे सांगितलं, ते आदल्या दिवशीच्या दोन तासांत सांगितलं गेलं नव्हतं.

समीक्षकानं शेवटी निकाल द्यावा लागतो. माझा असा. या वॉकमध्ये शत्रूनं मारलेल्यांना मानाची जागा असते. निष्काळजीपणानं, न लागलेल्या कठड्यानं, न लावलेल्या लाल बावट्यानं जे मेले, त्यांना वाटेतसुद्धा थांबा मिळत नाही. कारण त्यांची गोष्ट ऐकली, की ऐकणाऱ्याला बोट दाखवायला आकाश उरत नाही. आपल्यातल्याच कुणाकडे तरी दाखवावं लागतं. हा दोष मोठा आहे. पण चालणं सोडून देणं हा त्यावर उपाय नव्हे. जे शहर चालवत नेऊन अर्धं सांगतं, त्याला कुणीतरी उरलेलं अर्धं विचारतो तरी. आम्ही घरात बसून एक वाक्य सांगितलं आणि पन्नास वर्षं हसलो. त्या दिवशी वडिलांच्या टेबलावर चहा कुणी आणला होता? धक्क्याकडच्या टपरीवरून एखादा पोऱ्याच आणत असणार. कप ठेवून तो परत कुठं गेला? दुसऱ्या दिवशी चहा आला का? वडील दर वेळी तिथवर येऊन थांबत होते. मला वाटत होतं, वाक्य संपलं.

परत आल्यावर गेल्या १४ एप्रिलला मी स्वतःच एक वॉक काढला. बाबासाहेबांच्या जयंतीची सुटी असल्यामुळे सोसायटीतले लोक मोकळे होते. फुकट आहे असं फलकावर लिहूनही चौघेच आले. त्यांतला एक शेवटी चहा आहे असं कळल्यामुळे. आधी भायखळ्याला अग्निशामक दलाच्या मुख्यालयापाशी थांबलो. तिथं त्या सहासष्टांचं स्मारक आहे, आणि त्यांच्याच आठवणीसाठी देशभर हा दिवस पाळला जातो. मग मस्जिद बंदर. वडिलांची पेढी होती तिथं आता प्लास्टिकच्या बरण्यांचं दुकान आहे. पुढं गोदीची भिंत. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं "पास?" एवढंच विचारलं. आख्यान भिंतीच्या अलीकडेच उरकावं लागलं. माझा आवाज काही ट्रकवर मात करू शकला नाही.

सगळं सांगून झाल्यावर आमचे चिटणीस म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण बाँब टाकला कुणी? जपान्यांनी?"

"कुणीच नाही," मी म्हटलं.

चौघांचेही चेहरे पैसे फुकट गेल्यासारखे झाले. मी तर पैसेही घेतले नव्हते. त्या क्षणी मला लंडनच्या बुवांची फार आठवण आली. ते असते तर त्यांच्या खुळखुळ्यासकट मी त्यांना मिठी मारली असती.

मग भिंतीला लागून असलेल्या टपरीवर चहा मागवला. घड्याळात चार वाजून गेले होते. अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा तारेच्या जाळीत ग्लास घेऊन आला. त्यानं माझा ग्लास कट्ट्यावर ठेवला आणि वळला.

"तुझं नाव काय रे?" मी विचारलं.

तो गडबडला. हातातली जाळी सावरत म्हणाला, "का हो काका? साखर कमी पडली का?"